एकोणीसची गोटी

त्या हिवाळ्यात आर्णीच्या मशिदीमागच्या गल्लीत रौशनवाचून कुणाचं पान हलत नव्हतं. बाजारात नवे किलो आले होते. वाण्याच्या तराजूत शेराच्या जागी वेगळीच वजनं दिसायला लागली होती, आणि शेर-पायलीत जन्म काढलेल्या बाया दुकानातून निघाल्या की पिशवीसकट सरळ रौशनच्या ओट्यावर येत. "पोरी, एवढी दाळ बराबर हाय का वं? का त्या मेल्यानं मले बुडवलं?" रौशन पिशवी हातात तोलायची, डोळे मिटून हिशेब करायची आणि कोर्टासारखा निकाल द्यायची. नववीत होती ती. ही सगळी नवी मापं गुरुजींनी फळ्यावर लिहून शिकवली होती आणि वर्गात तिच्याच डोक्यात ती पहिल्या झटक्यात शिरली होती. आता शेर गेले, मण गेले, इंच-फूट गेले, यापुढं सगळं दहाच्या पाढ्यात, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली होती. हुस्नाबी फुफी, म्हणजे तिची आत्या, तर पोरींच्या शाळेचं नाव काढलं की नाक मुरडायची. पण तीसुद्धा दळण टाकण्याआधी हिच्याकडून वजन पक्कं करून घ्यायला लागली होती. मग सांगा, पोरीनं हवेत चालू नये तर काय करावं?

त्यात आणखी एक भर पडली. शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ, रौशनसकट, जिल्ह्याच्या सामन्यांसाठी निवडला गेला. पहिल्यांदाच! सामना यवतमाळला, सोमवारी. अकराच्या हजेरीला जो संघ मैदानावर नसेल तो बाद. पहिली एस.टी. यवतमाळला पोचेपर्यंत बारा वाजून जात, म्हणजे तिचा उपयोग नव्हता. आणि असता तरी पोरींच्या बापांनी आधीच नकाराची मान हलवली होती. परगावी? मैदानावर? दहा माणसांसमोर पळणार?

शेवटी तोड काढली ती किसनरावांनी. कपाशीची मोठी शेती, गावात शब्दाला वजन, आणि त्यांची विमल संघाची कप्तान. गुलाम नबीच्या जीपमधून पोरी जातील, खेळ शिकवणाऱ्या लीलाबाई संगं राहतील आणि दिवेलागणीच्या आत सगळ्या घरी येतील, असं त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. गुलाम नबी म्हणजे रौशनचे अब्बा. गावात भाड्याची गाडी असलेला एकटाच माणूस, आणि गाडी हळू चालवतो म्हणून सगळ्यांच्या विश्वासातला.

"पण बाई, एक सांगून ठेवतो," किसनराव लीलाबाईंना म्हणाले होते. "मी एकदा लोकायच्या दारात गेलो. हे फसलं तं पुढच्या साली माह्या तोंडाकडं पाहू नका. माही विमलसुदा घरीच राहीन."

आणि नेमका त्याच आठवड्यात जीपचा पाण्याचा पंप गेला.

लष्करानं लिलावात काढलेली जुनी जीप होती ती. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी या पंपानं फिरायचं. तो गळायला लागला आणि गाडी गावाच्या वेशीपर्यंत जाईतो तोंडातून वाफ सोडायला लागली. आधी असलं काही झालं की जब्बारचाचा होते. अब्बांचे चुलतभाऊ, गाडीत अर्ध्याचे भागीदार. अब्बांना स्टेअरिंग कळायचं, चाचांना इंजिन. चाचा गाडीखाली आडवे झाले की रौशन शेजारी उकिडवी बसून त्यांना एकेक हत्यार हातात द्यायची. पण दिवाळीनंतर चाचा नागपूरला मोठ्या कारखान्यात लागले आणि जाताना आपली हत्यारांची पेटी घेऊन गेले. त्यांचीच होती ती, कोण काय बोलणार? घरात उरला चाकाचे नट काढायचा तेवढा एक पाना.

"पंप नवा आणू," अब्बा शुक्रवारी रात्री जेवताना म्हणाले. "पण लावाचा कायनं? दातानं?"

"मी लावते ना अब्बा," रौशन म्हणाली. "मले सगळं माहीत हाय. चाचाच्या हातात कोणती गोटी द्यायची ते मीच तं पाहायची."

अम्मा, म्हणजे जैबुनबी, भाकरी थापता थापता थांबली. "हो, आता गाडीबी हीच दुरुस्त करन. मग ड्रायव्हरचं लायसन बी काढून द्या एक."

पण अब्बा हसले नाहीत. ते पोरीकडं वळून म्हणाले, "सकाळच्या एस.टी.नं चाल माह्यासंगं."

निघताना रौशननं एक हुशारी केली. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी पोलादी नळी. ती नटाला तंतोतंत बसली पाहिजे, नाहीतर फुकट. म्हणून नमुना हवा. पंपाचे बोल्ट तर इंजिनाला घट्ट बसलेले, ते काढायलाच तर हत्यारं आणायची होती. मग तिनं घरच्या पान्यानं चाकाचा एक नट काढला, फडक्यात गुंडाळला आणि दप्तरात टाकला.

यवतमाळला पंप लगेच मिळाला. हत्यारांसाठी दोघं सदाशिवरावांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात शिरले.

"गाडी कोणती?" सदाशिवरावांनी चष्म्यावरून विचारलं.

"जीप."

"मग इंची गोट्या लागतील." त्यांनी मागच्या फळीवरचा एक नवा संच पुढं केला. अब्बांनी किंमत ऐकली आणि संच असा मागं सरकवला जसा काही तो तापलेला तवा होता. मग सदाशिवरावांनी घासलेटात भिजत पडलेला एक ट्रे काढला. जुन्या, सुट्या, हातोहात फिरलेल्या गोट्या. "यातल्या पाहा. चार-पाच निघतील तुमच्या कामाच्या. जमवून देतो."

रौशननं बाही वर सारली. चाचांनी शिकवलेलं तिला सगळं पाठ होतं. गोटीच्या आत बोट घालून कोपरे तपासायचे. कोपरे गोल झाले असतील तर ती गोटी नट सोलणार. हातात घेऊन वजन बघायचं, कारण हलकी गोटी जोर लागला की उकलते. दोन गोट्या एकमेकींवर वाजवायच्या. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत तडा. तिनं एकेक गोटी घेतली, बोट फिरवलं, वाजवली, ठेवली. बहुतेक गोल झालेल्या होत्या. एक नऊ-सोळांश इंची मात्र आतून चांगली होती, पण बाहेरून इतकी गंजलेली की हाताला लाल भुकटी लागली. रौशननं तोंड वाकडं केलं आणि ती परत ट्रेमध्ये टाकली.

"अन् ते लाल डब्यात काय हाय, काका?"

"ते? ते फियाटवाल्या डॉक्टरांसाठी मागवलं होतं. मिलिमीटरच्या गोट्या. डॉक्टरांनी गाडीच विकली. पडून आहे, म्हणून स्वस्तात देतो. पण तुम्हाला ते चालणार नाही."

मिलिमीटर! रौशनच्या अंगातून जशी वीज गेली. तिनं डबा उघडला. आठपासून बावीसपर्यंत ओळीनं बसलेल्या, चांदीसारख्या गोट्या, प्रत्येकीवर स्वच्छ आकडा. सोबत टीसारखी दांडी आणि एक लांब जोडदांडी. बोट घातलं तर कोपरे असे की नख अडकावं. वजन भरपूर. वाजवली तर देवळातल्या घंटेसारखी. आणि सगळा डबा त्या चार-पाच गंजक्या गोट्यांच्या भावात!

"का नाही चालणार?"

"पोरी, गाडी जुनी आहे. तिचे नट इंचात आहेत."

"काका, नट नटच असते," रौशन अशी म्हणाली जशी ओट्यावर बसूनच बोलत होती. "माप आपण लावतो त्याले. कालपर्यंत ज्वारी शेरात मोजत होते, आता किलोत मोजतात. ज्वारी तं तीच हाय ना? इंच आता गेले. सरकारनंच काढून टाकले."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली, पण कौतुकानं. सदाशिवरावांनी डोक्यावरची टोपी जरा मागं केली. "असं म्हणतेस?"

"नमुना आणला हाय मी." तिनं फडक्यातून नट काढला आणि डब्यातल्या गोट्या लावून पाहायला लागली. सतरा बसेना. अठरा अर्ध्यावर अडली. एकोणीस... टक्! अशी बसली की नट गोटीत अडकून लोंबायला लागला. रौशननं गोटी उलटी करून हलवली, तरी नट पडेना.

"घ्या!" सदाशिवराव म्हणाले. "माझंच चुकलं म्हणायचं."

अब्बांचा चेहरा त्या क्षणी असा फुलला होता की रौशन तो जन्मभर विसरली नसती. "माही पोरगी म्हणते तं बराबरच राहीन," ते त्या दोन गिऱ्हाइकांना म्हणाले, त्यांनी विचारलं नव्हतं तरी.

रविवारी सकाळी उन्हं अंगणात आली तशी रौशन कामाला लागली. वेणी डोक्यावर बांधली, अम्माचा जुना कुडता घातला. जीपचं तोंड उघडलं, पाणी सोडलं, पंख्याचा पट्टा काढला. पंख्याचे बोल्ट तेराच्या गोटीनं निघाले. गोटी किंचित खुळखुळली, पण निघाले. रौशन गुणगुणायला लागली. पंपाचा पहिला बोल्ट निघाला, दुसरा निघाला. मग उरले खालचे मोठे. त्यातला एक सरळ होता, दुसरा पुलीच्या मागं, जिथं हातही नीट जात नाही.

तिनं आधी पुलीमागच्याला चौदाची गोटी लावली. बसेना. कोपऱ्यावरच थांबली. पंधराची लावली. बसली, आणि गोल गोल फिरायला लागली.

रौशननं गाणं थांबवलं.

परत चौदा. वरून कपडे धुवायच्या लाकडी धोपटण्यानं हलकेच ठोकली. नाहीच. परत पंधरा. साडेचौदा पाहिजे होती की काय? डब्यात साडेचौदा नव्हती. जगात कुठंच नसावी.

"झालं काय?" अब्बा जवळ आले. "जरा जोर लागते त्याले. सर बाजूले." त्यांनी पंधराची गोटी बोल्टावर दाबून धरली, दांडीला दोन्ही हात घातले आणि झटका दिला. कर्रर्र! दांडी फिरली, अब्बांची बोटं पुलीवर आपटली. बोल्ट होता तिथंच होता. फक्त त्याच्या एका कोपऱ्यावर पोलादाचा चकचकीत ओरखडा उमटला होता. कोपरा सोलला गेला होता.

आणि तेव्हा रौशनला कळलं. ज्वारी कोणत्याही मापात मावते. लोखंड मावत नाही. हा बोल्ट ज्या कारखान्यात कापला गेला तिथं कुणी तरी इंचाची पट्टी धरून कापला होता, आणि तो मरेपर्यंत इंचातच राहणार होता, सरकार काहीही म्हणो. चाकाच्या नटाला एकोणीस बसली ती नुसती योगायोगानं. दोन मापं जाता जाता एका ठिकाणी एकमेकींना भेटली, आणि नेमकी तीच भेट तिनं दप्तरात घालून यवतमाळला नेली होती. या बोल्टाला बसली असती ती गंजकी नऊ-सोळांश हातात आली होती तिच्या. हातात!

"अब्बा," ती म्हणाली, "गोट्या चुकल्या."

अब्बा बोटं झटकत होते. "चुकल्या म्हंजे?"

"ते काका बराबर म्हणत होते. मी चुकली."

अब्बा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सोललेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दुकान आज बंद राहते. अन् उद्या उघडून तरी काय फायदा?" मग पायात चपला घालून सरळ जिनिंगकडं निघाले. कापसाच्या त्या कारखान्यात हरिसिंग म्हणून फिटर होता.

हरिसिंग आला, खांद्यावर पान्यांची झोळी टाकून. मोठा माणूस, मोठ्या मिशा. त्यानं एक पाना लावला, ढिला. दुसरा लावला, बसेना. तिसरा परत ढिला. "हे पाह्य नबीभाई," तो म्हणाला, "आमची मशिनं विलायती. त्यायचे पाने ना इंचाचे ना तुह्या किलोचे. तिसरंच काहीतरी हाय."

"अन् हा?" रौशननं जबडा मागंपुढं होणाऱ्या पान्याकडं बोट दाखवलं.

"हा तं कशालेबी बसते!" त्यानं तो उचलला. मनगटाएवढा जाड पाना. सरळ असलेला बोल्ट त्यानं एका हिसक्यात ढिला करून दिला. पण पुलीच्या मागच्या फटीत त्या पान्याचं नाकसुद्धा शिरेना. हरिसिंगनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, खाली झोपून पाहिलं. "नाई बा. येथी तं उंदराचा हात पायजे."

आणि असे सगळे जीपमध्ये डोकं घालून उभे असताना मागून आवाज आला, "काय चालू हाय?"

किसनराव होते. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री. त्यांनी अंगणभर पसरलेली गाडी बघितली. पंखा एका बाजूला, पट्टा एका बाजूला, बोल्ट ताटलीत.

"नबीभाई, मले खरं सांगा. उद्या सकाळी गाडी निघते का नाई? नसन निघत तं आताच सांगून द्या. मी पोरींच्या बापायले सांगतो, घरीच ठेवा म्हणून. ऐन वेळेले दारात नटूनथटून पोरी बसून राहाव्या अन् गाडी येऊ नाई, असं माह्या हातून होणार नाई."

"निघते, किसनभाऊ," अब्बा म्हणाले. रौशननं त्यांच्याकडं चमकून बघितलं.

"कोण दुरुस्त करून राह्यलं? हे पोरगी?"

हरिसिंगनं मिशी चावली.

"दिवे लागले की येतो मी," किसनराव म्हणाले. "तोवर चालू नाई झाली तं मंग सामना संपला आपला." आणि छत्री टेकत निघून गेले.

हरिसिंगलाही जिनिंगवर परत जायचं होतं. दुपार झाली. विमल एकदा कुंपणावरून डोकावून गेली. "रौशन, होते ना वं?" रौशननं नुसतं "जाय तू" म्हटलं. छिन्नीनं बोल्टाचं डोकं तोडावं, तर मग त्याच्या जागी नवा कुठून आणायचा? पंधराची गोटी दाबून धरून परत ओढावं, तर आणखी एक कोपरा जाणार, मग तो बोल्ट कायमचाच गेला. एकदा ओढायची संधी होती. फार तर एकदा.

अम्मा भांडी घासत होती. मधेच थांबून तिनं राखेचे हात धुतले आणि बोटातली चांदीची अंगठी काढून तिच्यावरचा भिजलेला दोरा उकलायला लागली. अंगठी सैल झाली की तिच्या आतल्या बाजूला दोरा गुंडाळायचा, ती घट्ट बसते. गल्लीतल्या अर्ध्या बाया असंच करत. अम्मानं जुना दोरा फेकला आणि नवा गुंडाळायला घेतला.

रौशन बघत राहिली. मग एकदम उठली.

"अम्मा, कैची कुठं हाय?"

"कायले?"

"सांग ना!"

दोऱ्याचा उपयोग नव्हता, दोरा चिरडला असता. पत्रा पाहिजे होता. पातळ. तेलाच्या डब्याचा जाड निघाला, गोटीत शिरेना. मग तिनं फळीवरचा बिस्किटांचा डबा ओढला, आतले सुईदोरे खाली ओतले आणि अम्माच्या शिवणाच्या कैचीनं झाकण कापायला लागली.

"अगे, माही कैची! माहा डबा! नवऱ्याची गाडी अन् माह्या संसाराचं वाटोळं!" अम्मा धावली. मग रौशनचं तोंड बघून तिथंच थांबली, आणि झाकणाचं दुसरं टोक धरून म्हणाली, "सरळ काप. वाकडं काहून कापून राह्यली?"

बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या कापल्या. रौशन मडगार्डवर पालथी झाली. हरिसिंग म्हणाला होता तसा उंदराचा नसला तरी तिचा हात त्या फटीत जात होता. एक पट्टी बोल्टाच्या या बाजूला, एक त्या बाजूला, सोललेला कोपरा सोडून. मग त्यावर पंधराची गोटी. बसेना. एक पट्टी खाली पडली, इंजिनाच्या पोटात कुठं तरी. दुसरी घेतली. परत गोटी. आता कडेवर आली. जोडदांडीच्या टोकावर धोपटण्यानं ठक, ठक. गोटी सरकली. हलवून बघितली. हलेना.

"अब्बा, या. पण झटका नका देऊ. तुम्ही झटका दिला म्हणून सोलला तो. हळू दाबा, मी सांगते तसं."

एरवी बापाला असं कोण सांगतं? पण अब्बा मुकाट्यानं आले आणि त्यांनी दांडीच्या एका टोकाला हात घातला. रौशननं एका हातानं गोटी बोल्टावर दाबून धरली, दुसरा हात दांडीच्या दुसऱ्या टोकाला. अम्मा पदर तोंडाशी धरून उभी.

"दाबा."

काहीच नाही.

"अजून."

अब्बांच्या मानेवरची शीर फुगली. पत्रा करकरला. रौशनच्या तळव्याखाली गोटी केसभर कलली. सुटली, आता सुटली! तिनं अंगाचा सगळा भार तळव्यावर टाकला, डोळे गच्च मिटले. आणि मग आतून एक आवाज आला. कट्!

तिघंही तसेच थिजले. बोल्ट तुटला होता की सुटला होता? रौशनला गोटी काढायची हिंमत होईना. शेवटी तिनं दांडी जराशी फिरवली. फिरली. आणखी फिरवली. बोल्ट गोटीबरोबर फिरत बाहेर येत होता. अख्खा.

"सुटला!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की मशिदीवरची कबुतरं उडाली.

नवा पंप बसवायला संध्याकाळ झाली. तीच गोटी, तशाच पट्ट्या. बाकीचे बोल्ट घट्ट झाले. पुलीमागचा आवळताना मात्र शेवटच्या पाव फेऱ्याला गोटी कचकन कलली आणि रौशननं हात काढून घेतला. आणखी जोर लावला असता तर दुसराही कोपरा गेला असता. पाणी भरलं, अब्बांनी गाडी चालू केली. इंजिन खोकललं आणि लागलं. सगळे पंपाकडं बघत राहिले. कोरडा. कोरडा. मग बऱ्याच वेळानं त्या एका बोल्टाच्या खाली पाण्याचा एक थेंब जमला, मोठा झाला आणि पडला. त्याच्या मागून दुसरा.

किसनराव आले तेव्हा घासलेटाच्या चिमण्या लावून झाल्या होत्या आणि गाडी अंगणात गुरगुरत होती. "वा! चालू झाली म्हणायची!"

"झाली ना, किसनभाऊ," अब्बा म्हणाले. "अगदी—"

"काका," रौशन मधेच बोलली. एक शब्द न बोलता गप्प राहिली असती तर सकाळी नऊ पोरी गाडीत बसल्या असत्या. "एक बोल्ट पुरता आवळला नाही. त्याच्यातून पाणी गळते. थेंब थेंब."

अब्बांनी डोळे मिटले.

"म्हंजे खात्री नाही," किसनराव सावकाश म्हणाले.

"गाडीची हाय. पाण्याची नाही. रस्त्यात दोनदा थांबून पाणी टाकावं लागन. नाही टाकलं तं चढावर गाडी तापन अन् उभी राहीन. टाकलं तं पोचते."

"कोण म्हणते?"

"मी म्हणते." ती पुढं बोलली. "चुकीच्या गोट्या बी मीच आणल्या. तुम्हाले उद्या दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं, म्हणून सांगून राह्यली."

किसनराव वाकले. चिमणी मागून घेतली, पंपापाशी धरली आणि थेंब पडताना बघत राहिले. एक पडला. बराच वेळ गेला. दुसरा पडला. त्यांनी तोही पडू दिला. मग सरळ झाले आणि कंबरेला हात लावून म्हणाले, "पाणी कोण टाकन? तू तं खेळाले चालली. बाई टाकन का नबीभाई गाडी चालवता चालवता टाकन?"

त्यांनी चिमणी परत दिली.

"मले एक जागा ठेवा पुढं," किसनराव म्हणाले. "घागर मी धरतो."

सकाळी ते खरंच आले, धोतर खोचून, मांडीवर पितळेची भरलेली घागर घेऊन. मागं आठ पोरी आणि लीलाबाई एकमेकींच्या मांडीवर, रौशन पुढं किसनराव आणि अब्बा यांच्या मधे, एक कान इंजिनाला लावून. खड्डा आला की घागर हिंदकळायची आणि किसनरावांच्या धोतरावर पाणी सांडायचं. "नबीभाई, हळू! आंघोळ घरूनच करून आलो मी!" मागून पोरींचं खिदळणं. रौशन मात्र हसली नाही. पहिल्या थांब्याला पाणी टाकलं. दुसऱ्या थांब्याला टोपण काढताच वाफेचा भपका आला, सगळ्या पोरी गप्प झाल्या, आणि अख्खी घागर आत गेली तरी पाणी वरपर्यंत येईना. अब्बा पाणी मागायला शेजारच्या शेतातल्या विहिरीकडं पळाले. तेवढ्यात रौशननं सीटखालचा लाल डबा ओढला, ओढणीच्या टोकाला बांधलेल्या पट्ट्या काढल्या. तापलेल्या इंजिनात हात घातला, भाजला, परत घातला. पट्ट्या नव्यानं बसवून तिनं तो बोल्ट आणखी आवळून पाहिला. पाव फेऱ्यातला अर्धा मिळाला. गोटी कलायच्या आत ती थांबली. अब्बांनी विहिरीचं पाणी आणून टाकलं आणि गाडी निघाली.

मैदानावर पोचल्या तेव्हा हजेरी चालू झाली होती. "आर्णी?" पंच दुसऱ्यांदा ओरडत होता. "आर्णी आहे का?"

"हाय! हाय!" जीप थांबायच्या आत विमलनं उडी टाकली.

हात धुवायला वेळच नव्हता. शिट्टी वाजली. रौशननं पहिला पाठलाग घेतला, समोरची मुलगी खांबाला वळसा घालून निसटली, आणि रौशन वाऱ्यासारखी ओळीच्या मागून आली. "खो!"

विमल उसळून धावली. तिच्या पांढऱ्याशुभ्र पोलक्यावर पाठीच्या मधोमध पाच काळी बोटं उमटली होती, तेलाची, ताजी, आणि कडेला उभे असलेले किसनराव रिकामी घागर काखेत धरून ओरडत होते, "पळ वं विमल! पळ!"